तळटीप : ‘कोरडे मैदान’

१. कोरडे मैदान : रक्तस्राव अगदी कमी असल्यामुळे दुर्बिणीतून स्वच्छ दिसणारी जागा, असा अर्थ लेखकाला अभिप्रेत आहे. सायनसच्या शस्त्रक्रियेत भिंगावर रक्ताचा थेंब आला तरी समोरचे दिसेनासे होते. आणि डोळ्याची खोबण तर कागदासारख्या पातळ हाडापलीकडेच असते. म्हणून रक्त आवरण्याची निम्मी जबाबदारी भूलतज्ज्ञाची. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले. पुढे नाकासाठीही तेच आले, कारण ते रक्तवाहिन्याही आकसवते. आज ते काम बहुधा लिग्नोकेन आणि अॅड्रेनलिन करतात. पूर्ण भूल देताना अनेक भूलतज्ज्ञ हुंगवायच्या औषधाऐवजी शिरेतून प्रोपोफोल व रेमिफेन्टानिल देतात. त्यामुळे नाडी मिनिटाला ६० च्या आसपास ठेवणे सोपे जाते. टेबलाची डोक्याकडची बाजू सुमारे १५ अंश उचलली, की शिरांतले रक्त खाली उतरते. रक्तदाब मात्र बेतानेच कमी करतात. मैदान कोरडे ठेवायचे, पण मेंदूचा रक्तपुरवठा तोडायचा नाही. — संपा.