राम नाईक, कारगिलचे पंप आणि खासदाराची सही

बोरिवली ते विरार पट्ट्यातल्या जुन्या मतदारांना राम नाईक आठवतात ते लोकलचे खासदार म्हणून. १९६४ साली गोरेगाव प्रवासी संघ काढणारे, रेल्वेच्या साहेबांच्या मागे हात धुऊन लागणारे, दरवर्षी कामाचा छापील अहवाल मतदारांच्या हातात ठेवणारे. ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ व्हावं म्हणून पाठपुरावा करणारे. १९८९ ते १९९९ या काळात उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा निवडून आले. २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हाही बहुतेक पोस्ट याच गोष्टींवर होत्या.

मला आज त्यांच्या दुसऱ्याच कामाबद्दल लिहायचं आहे. ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ ते देशाचे पेट्रोलियम मंत्री होते. देशाची सुरक्षा, इंधन आणि जवानांची घरं हे तीन विषय त्या साडेचार वर्षांत एकाच टेबलावर आले होते. आणि त्याच टेबलावर देशातला एक मोठा वादही झाला. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर आपल्याला मतदार म्हणून शिकण्यासारखं बरंच आहे. पक्षाचा चष्मा थोडा वेळ बाजूला ठेवून वाचा, एवढीच विनंती.

आधी काळ समजून घेऊ. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडलं. पुढच्याच महिन्यात कारगिल सुरू झालं. म्हणजे युद्ध लढलं गेलं ते काळजीवाहू सरकारच्या काळात. घुसखोरांनी जी शिखरं धरली होती तिथून श्रीनगर-लेह महामार्ग थेट दिसत होता. तो रस्ता म्हणजे लडाखचा श्वास. हिवाळ्यात झोजिला बर्फाने बंद होतो, त्यामुळे धान्य, रॉकेल, डिझेल, सगळं उन्हाळ्यातच वर चढवून ठेवावं लागतं. त्या उंचीवर जवान नुसत्या बंदुकीवर तगत नाही. बुखारीत रॉकेल लागतं, गाडीत डिझेल लागतं. शत्रूने नेम धरला होता तो या रसद-रस्त्यावर. सुरक्षा आणि इंधन हे दोन वेगळे विषय नाहीत, हे कारगिलने उघड करून दाखवलं.

२६ जुलैला युद्ध संपलं. आपले ५२७ जवान गेले. तोपर्यंतच्या युद्धांत जवानांवर अंत्यसंस्कार बहुतेक वेळा आघाडीजवळच व्हायचे, घरी फक्त तार यायची. कारगिलमध्ये पहिल्यांदा तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या गावोगावी पोचल्या आणि टीव्हीवर अख्ख्या देशाने त्या पाहिल्या. पंचविशीच्या आतबाहेरच्या मुली विधवा झाल्या होत्या, काहींच्या कडेवर मूल होतं. हारतुरे झाले, पुढाऱ्यांची भाषणं झाली. पण तेराव्यानंतर त्या घराचं काय? पेन्शन होती, मदतीची रक्कम होती. पण एकरकमी पैशाला वाटा फुटायला वेळ लागत नाही, हे आपल्या गावाकडे कुणाला सांगायला नको.

म्हणून ‘ऑपरेशन विजय’ विशेष योजना आली: शहिदाच्या पत्नीला किंवा जवळच्या वारसाला पेट्रोल पंप किंवा गॅस एजन्सी. रोख रकमेऐवजी चालता धंदा. ती अमलात आणायचं काम नाईकांच्या मंत्रालयाकडे आलं आणि चारशेहून जास्त कुटुंबांना पंप किंवा एजन्सी मिळाली. आज महामार्गावर एखाद्या जवानाच्या नावाचा पंप दिसतो ना, त्यातले बरेच या योजनेतले.

सगळं गोड गोड झालं असं मी म्हणणार नाही. पंप चालवणं म्हणजे टाकी, टँकर, खेळतं भांडवल, मापाची तपासणी, रात्रपाळीची माणसं. कालपर्यंत चार भिंतींत असलेल्या बाईने हे एकदम सांभाळायचं. कागदावर नाव सुनेचं आणि गल्ल्यावर दुसराच, असंही होऊ शकतं. वारस कोण, पत्नी की आईवडील, यावरून घरं फुटतात. तरीही एक गोष्ट पक्की: परवाना तिच्या नावावर होता, आणि त्यामुळे निदान तिला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुर्दैवच म्हणा. त्याच मंत्रालयात, त्याच मंत्र्याच्या काळात, त्याच पेट्रोल पंपांवरून ऑगस्ट २००२ मध्ये देशभर गदारोळ झाला. सर्वसाधारण पंपांचं वाटप डीलर निवड मंडळं करायची. वर्तमानपत्राने याद्या छापल्या आणि त्यात पुढाऱ्यांचे नातेवाईक, कार्यकर्ते अशी नावं निघाली. सत्ताधारी पक्षाची जास्त, पण इतर पक्षांचीही होती. संसद ठप्प झाली. वाजपेयींनी जानेवारी २००० पासूनची मंडळांच्या शिफारशीवरची वाटपं सरसकट रद्द केली. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट आदेशच रद्द ठरवला. ज्यांच्यावर संशय आहे त्यांची चौकशी करा, बाकीच्यांना का शिक्षा, असा तो निकाल होता. संशयित प्रकरणं तपासायला दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, आणि पुढे त्यातली अनेक वाटपं गेलीही.

हा रोग काही नाईकांच्या काळात सुरू झालेला नव्हता. आधीच्या काँग्रेस सरकारातले पेट्रोलियम मंत्री कॅप्टन सतीश शर्मा यांनी आपल्या ‘विवेकाधीन कोट्या’तून दिलेले १५ पंप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रद्द केले होते. त्यांना ५० लाखांचा दंडही ठोठावला होता, जो १९९९ मध्ये फेरविचारात मागे घेतला गेला. म्हणजे पक्ष बदलला, मंत्री बदलला, पंप तोच, वाद तोच.

मग माझा साधा प्रश्न आहे. एकाच मंत्रालयातून दोन याद्या निघाल्या. कारगिलची यादी मानाने मिरवली गेली आणि दुसरीवरून सरकारची अब्रू गेली. असं का झालं?

माझ्या मते उत्तर मंत्र्याच्या चारित्र्यात शोधून उपयोग नाही. ते यादी कशी बनते यात आहे. कारगिलच्या यादीत पात्रता ठरत होती लष्कराच्या नोंदीवरून. जवान त्या कारवाईत गेला की नाही, हे कागद सांगत होता. तिथे वशिला लावून कुणी शहीद होऊ शकत नव्हतं. दुसऱ्या यादीत मुलाखत होती, मंडळ होतं, गुण देणारी माणसं होती. जिथे माणसाच्या मर्जीला जागा असते, तिथे पुढाऱ्याचा फोन पोचतोच. मंत्री स्वतः स्वच्छ असून भागत नाही. रामभाऊंच्या वैयक्तिक सचोटीबद्दल विरोधकही सहसा वावगं बोलत नाहीत. पण तेव्हाच्या पद्धतीतली फट त्यांच्या सचोटीने बुजली नाही, हेही तितकंच खरं आहे. खात्याचे प्रमुख म्हणून त्याची जबाबदारी त्यांच्याकडे जातेच.

हेच गॅसच्या नळकांड्याचं. आमच्या पिढीला आठवत असेल, ‘गॅसला नंबर लावणे’ हा लग्नाइतकाच मोठा विषय होता. वर्षानुवर्षं वाट बघायची, नाहीतर खासदाराच्या कोट्यातलं कुपन मिळवायचं. खासदाराच्या घरी सकाळी जी रांग लागायची, त्यात कुपनवाले किती असायचे विचारा. नाईक मंत्री झाले तेव्हा प्रतीक्षा यादी एक कोटीच्या वर होती. त्यांच्या काळात ती संपवली गेली, डोंगराळ भागासाठी आणि गरिबांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडरही आला. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गॅस मागेल त्याला मिळू लागला आणि कुपनची किंमत शून्य झाली. एका खासदाराने मंत्री म्हणून खासदारांच्याच हातातलं एक हत्यार बोथट केलं. याचं श्रेय त्यांना मिळायला हवं तेवढं मिळालेलं नाही.

आता इंधन सुरक्षेकडे येऊ. तेव्हाही आपण लागणाऱ्या कच्च्या तेलाचा बहुतांश भाग बाहेरून आणत होतो. आज तर ८५ टक्क्यांच्या वर आणतो. आखातात ठिणगी पडली की इथे रिक्षाचं मीटर वाढतं. त्या काळात यावर तीन-चार बाजूंनी काम झालं. ओएनजीसी विदेशने २००१ मध्ये रशियाच्या साखालिन-१ प्रकल्पात २० टक्के हिस्सा घेतला, २००३ मध्ये सुदानमधल्या तेलक्षेत्रात २५ टक्के. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, त्यातले दोन आपल्याच महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. तिसरा बरेलीला. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं. आज २० टक्के इथेनॉलवरून गाडीचं मायलेज कमी झालं म्हणून आपण भांडतो, त्याची सुरुवात उसाच्या पट्ट्यातल्या या डेपोंमध्ये आहे.

आणि जानेवारी २००४ मध्ये सरकारने सामरिक तेलसाठ्याला मंजुरी दिली. खडकाच्या पोटात गुहा खोदून कच्चं तेल साठवायचं, युद्ध किंवा नाकेबंदी झाली तर वापरायला. चार महिन्यांत सरकार गेलं. पण काम थांबलं नाही. जूनमध्ये त्यासाठीची कंपनी स्थापन झाली, मनमोहन सिंग सरकारच्या काळात खोदकाम झालं, मोदी सरकारच्या काळात तेल भरलं गेलं. विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळुरूला १५ लाख टन, पादूरला २५ लाख टन. एकूण ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज. तीन पंतप्रधान, एक गुहा. फीत कापायला कुणीही गेलं तरी अशा कामाला एका पक्षाचं नाव लावता येत नाही.

आणखी एक प्रसंग मुंबईकरांनी लक्षात ठेवावा असा. चेंबूर-माहुलच्या दोन रिफायनऱ्या, एचपीसीएल आणि बीपीसीएल. वाजपेयी सरकारने त्या कंपन्यांच्या निर्गुंतवणुकीचा घाट घातला, तेव्हा पेट्रोलियम मंत्री असलेल्या नाईकांनी स्वतःच्याच सरकारमध्ये विरोध केला. अरुण शौरींशी त्यांचे मतभेद जाहीर होते. शेवटी सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एस्सो, बर्मा शेल आणि कॅल्टेक्स या कंपन्या संसदेने कायदा करून ताब्यात घेतल्या होत्या, त्या विकायच्या तर आधी संसदेत जाऊन कायदा बदला. मंत्रिमंडळाची सही पुरेशी नाही. खाजगीकरण बरं की वाईट, यावर तुमचं-माझं मत वेगळं असेल. पण इंधनासारख्या गोष्टीचा निर्णय सभागृहात, सगळ्यांसमोर व्हावा, यावर दुमत नसावं.

मग आली २००४ ची निवडणूक. समोर सिनेमातला गोविंदा. एवढं सगळं काम पाठीशी असलेला मंत्री जवळपास पन्नास हजार मतांनी हरला. २००९ मध्ये संजय निरुपम यांच्याकडून अगदी थोडक्यात पुन्हा हरला. लोक म्हणतात, कामाला मत मिळत नाही. मला तेवढं सोपं वाटत नाही. पंपांच्या वादाचा डाग होताच, देशभर वाराही फिरला होता. पण एक खरं आहे. गॅसची रांग संपली की रांग विसरली जाते. गुहेतलं तेल कुणाला दिसत नाही. कुपन देणारा खासदार लक्षात राहतो, कुपन संपवणारा राहत नाही.

म्हणून मला वाटतं, सुरक्षेबद्दल आपण लोकप्रतिनिधींना चुकीचे प्रश्न विचारतो. भाषणात कोण किती गरजला, हे मोजतो. विचारायला हवं ते वेगळं. आपल्या भागातल्या शहिदाच्या पत्नीला जे मिळायचं ते तिला कुणाच्या दारात न जाता मिळतं का? ते देण्याचा निकष कागदावर आहे की साहेबांच्या मनात? तेलाचा साठा साडेनऊ दिवसांवरून पुढे कधी सरकणार, आणि त्यावर तुम्ही सभागृहात प्रश्न विचारला का?

पुढच्या वेळी उमेदवार हात जोडून दारात येईल, तेव्हा ‘तुमच्या सहीने आमचं काय काम होईल’ हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला हेही विचारू या की तुमच्या सहीशिवाय आमची कोणती कामं होतील, अशी व्यवस्था तुम्ही करणार आहात.

तुमच्या भागात कारगिल योजनेतला एखादा पंप किंवा एजन्सी असेल आणि ती त्याच कुटुंबाकडे अजून चालत असेल, तर जरूर सांगा. घरच्यांची नावं नकोत, गाव सांगितलं तरी पुरे. पंचवीस वर्षांनी ती योजना कुठवर टिकली, हे बघायला आवडेल.