एसटीडी बूथ : पिवळ्या पाटीमागचा स्वयंरोजगार

१/१६
अनेक एसटी स्थानकांसमोर आजही एखाद्या दुकानावर रंग उडालेली पिवळी पाटी दिसते : एसटीडी, आयएसडी, पीसीओ. पाटीखाली आता झेरॉक्स, रिचार्ज किंवा कुरियर असते. आज विशीत असलेल्यांना ही अक्षरे वाचता येतात, पण त्यामागचा व्यवसाय त्यांनी चालताना पाहिलेला नसतो. सुमारे दोन दशके या पाटीने देशातील लाखो घरांची चूल पेटती ठेवली. तो व्यवसाय कसा उभा राहिला आणि एवढ्या निमूटपणे कसा संपला, त्याचा हा थ्रेड.

२/१६
भारतात दूरध्वनी केंद्रे १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षे लोटली, तरी १९८० च्या दशकारंभी सुमारे सत्तर कोटींच्या देशात दूरध्वनी जोडण्या वीस-पंचवीस लाखांच्याच घरात होत्या आणि त्यांतील बहुसंख्य शहरांत होत्या. अर्ज भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गीय आयुष्याचा भाग होता. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत. घाई जितकी मोठी, तितका दर चढा.

३/१६
या प्रतीक्षेवरचा उपाय तांत्रिकदृष्ट्या आधीच सापडला होता. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान देशातील पहिली 'सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग', म्हणजेच एसटीडी सेवा सुरू झाली. मध्ये ऑपरेटर नको, नोंदणी नको. ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवायचा आणि थेट दुसऱ्या शहरात बोलायचे. अडचण नावातच होती. ही सोय 'सबस्क्रायबर'साठी होती, आणि ज्याच्या घरी दूरध्वनीच नाही त्याच्यासाठी कानपूर-लखनौ अंतर पूर्वीइतकेच राहिले.

४/१६
ऑगस्ट १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही संशोधन संस्था स्थापन केली. ओडिशातील टिटलागढ येथे जन्मलेले आणि अमेरिकेत दूरसंचार अभियंता म्हणून नाव कमावलेले सॅम पित्रोदा हे या प्रयत्नाचे प्रमुख सूत्रधार होते. संस्थेला ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये देण्यात आले. भारतीय हवामानात, भारतीय अभियंत्यांनी घडवलेले डिजिटल एक्स्चेंज उभे करणे हे उद्दिष्ट होते. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली आणि अखंड वीज लागे. तालुक्याच्या गावात दोन्ही गोष्टी दुर्मीळ होत्या.

५/१६
१९८६ मध्ये बेळगाव-धारवाड रस्त्यावरील कित्तूर येथे सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसवण्यात आले. राणी चन्नम्मामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले हे गाव दूरसंचाराच्या इतिहासातही असे नोंदले गेले. यंत्राची क्षमता सुमारे १२८ जोडण्यांची होती. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उन्हाळा सोसून ते चालत असे. मोठ्या शहराचे एक्स्चेंज लहान करून खेड्यात नेण्याऐवजी खेड्याची गरज पाहून यंत्र घडवले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य.

६/१६
तरीही तारेच्या टोकाला माणूस हवा होता. सार्वजनिक दूरध्वनी पूर्वीही होते : टपाल कार्यालयात, रेल्वे स्थानकात, नाणे टाकण्याच्या पेटीच्या रूपात. त्यांतील कित्येक बंद पडलेले असत, कारण ते चालू राहण्यात कोणाचाच थेट फायदा नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने सार्वजनिक दूरध्वनी मोठ्या प्रमाणावर खासगी व्यक्तींच्या हाती दिला. प्रत्येक कॉलमागे ठरावीक कमिशन मिळणार होते. वाटपात अपंग व्यक्ती, माजी सैनिक आणि युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया यांना प्राधान्य होते. दूरध्वनीला राखणदार मिळाला आणि राखणदाराला रोजगार.

७/१६
या व्यवसायाचे खरे यंत्र दूरध्वनी संचाशेजारी ठेवलेले मीटर होते. एसटीडीचे शुल्क 'पल्स'मध्ये मोजले जाई. प्रत्येक पल्सची किंमत सारखी; मात्र अंतर वाढले की पल्सचा कालावधी घटे, म्हणून दूरच्या शहराशी बोलताना आकडा भराभर पळे. घरच्या ग्राहकाला याचा हिशेब बिल आल्यावर कळे. बूथमधल्या गिऱ्हाइकाला तो बोलता बोलता, लाल अंकांत, डोळ्यांसमोर दिसे आणि शेवटी छापील पावती हाती येई. अनोळखी माणसाने अनोळखी दुकानदारावर ठेवलेला विश्वास त्या पावतीवर उभा होता.

८/१६
बूथचालकाच्या नजरेतून हा हिशेब कसा दिसत असेल? त्याच्या मालकीचे काय होते, हे पाहिले की उत्तर मिळते. मोक्याची जागा त्याची, काचेची केबिन त्याची, टेबल, मीटर, अनामत रक्कम आणि दिवसाचे पंधरा-सोळा तास त्याचे. तार मात्र खात्याची, दरपत्रक खात्याचे, कमिशनचे प्रमाणही खात्याने ठरवलेले. लाइन बंद पडली तर दुकान उघडे असूनही धंदा बंद. पाटीवर मालकाचे नाव असले तरी व्यवसायाचे सगळे निर्णायक आकडे दुसऱ्याच्या हाती होते.

९/१६
त्या आकड्यांनीच त्याच्या झोपेची वेळ ठरवली. एसटीडीचे दर रात्री टप्प्याटप्प्याने उतरत आणि उशिरा दिवसाच्या चौथाईवर येत. त्यामुळे सारे गाव निजानीज करत असताना बूथवर रांग लागे. मुलगी सासरी सुखरूप पोहोचली का, मुंबईच्या नोकरीचे काय झाले, लासलगावात कांद्याला काय भाव निघाला, आजोबांचे ऑपरेशन कधी आहे : केबिनचे दार लावूनही ही संभाषणे बाहेर ऐकू येत. मोठमोठ्याने बोलण्याची सवय ट्रंक कॉलच्या काळातली होती. ती काचेला जुमानत नसे.

१०/१६
एक सेवा दरपत्रकात कधीच नव्हती. अनेक कुटुंबे नातलगांना बूथचाच क्रमांक देत. व्हिजिटिंग कार्डावर आणि लग्नपत्रिकेत क्रमांकापुढे 'पी.पी.' लिहिलेले असे. म्हणजे हा फोन आमचा नव्हे, निरोप पोहोचवला जाईल. फोन आला की बूथवरचा मुलगा वाड्यात किंवा चाळीत धावे. येणाऱ्या कॉलवर कमिशन नव्हते. तरीही चालक हे करत, कारण निरोप घेणारा माणूसच उद्याचा गिऱ्हाईक होता. कोकणातल्या घराला मुंबईतल्या चाकरमान्याशी जोडणाऱ्या साखळीत मनीऑर्डर आणि पत्रानंतर हा एक नवा दुवा आला.

११/१६
स्वयंरोजगार या शब्दाला येथे नेमका अर्थ होता. बैठे काम, लहान भांडवल, बेताचे शिक्षण आणि रोज रोख हाती पडणारे पैसे. नोकरीच्या बाजारात ज्यांना दारातूनच परत पाठवले जाई, त्यांपैकी कित्येकांना या टेबलामागे मानाची खुर्ची मिळाली. पण साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी यांतले काहीच नव्हते. घरातले कोणी ना कोणी आळीपाळीने बसे. कुटुंबाचे श्रम हिशेबात धरले जात नसत, म्हणून नफा होता त्याहून मोठा भासे.

१२/१६
३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून कॉल केला. देशातील मोबाइल सेवेचा हा प्रारंभ मानला जातो. त्या वेळी बूथचालकाला धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. मोबाइलवरून बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेला कॉल घेण्यासाठीही पैसे पडत. पेजरवर संदेश आला की माणूस जवळचा बूथच गाठी. मोबाइलवर आलेला क्रमांक पाहून तो न उचलता बूथवरून उलट फोन करणारेही होते. नवी वस्तू काही वर्षे जुन्या धंद्याला गिऱ्हाईकच पुरवत राहिली.

१३/१६
मग आकडे फिरले. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचा भार हलका करून महसुलातील हिश्श्याची पद्धत आणली. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले. मार्च २००६ मध्ये देशात कोठेही एका रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आली. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर अवतरला. बूथचालक विकत होता ती गोष्ट संभाषण नव्हती. माणूस आणि दूरध्वनी यांच्यातले अंतर तो भाड्याने मिटवून देत होता. दूरध्वनी खिशात आला, तेव्हा मिटवायला अंतरच उरले नाही.

१४/१६
चालक स्वस्थ बसले नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. पुढे काही केबिनमध्ये संगणक आले आणि बूथचे सायबर कॅफे झाले. काहींनी झेरॉक्स यंत्र घेतले. पुष्कळांनी ज्या मोबाइलने धंदा नेला, त्याचीच सिमकार्डे आणि रिचार्ज विकले. २००६ मध्ये मंजूर झालेल्या सामायिक सेवा केंद्र योजनेने दाखले आणि अर्जांचे काम दिले. या प्रत्येक व्यवसायाची घडण तीच होती : यंत्रणा दुसऱ्याची, दर दुसऱ्याचा, जागा आणि वेळ आपला. २०१६ नंतर यूपीआय रुळले आणि रिचार्जही गिऱ्हाईक स्वतःच करू लागला.

१५/१६
इतिहासलेखनाचा प्रश्न येथे उभा राहतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या ऱ्हासाची नोंद मोर्चांत, नाटकांत, मौखिक इतिहासात आणि घरांच्या मागणीत शिल्लक आहे. बूथचालकांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांना एकाच वेळी घरी बसवणारा मालक नव्हता, एकत्र जमण्यासाठी दरवाजा नव्हता, थकबाकी मागण्यासाठी कचेरी नव्हती. एकेका चालकाने एकेका महिन्यात बिलाची बेरीज पाहून लाइन परत केली. एकेकट्याने मिळवलेला रोजगार एकेकट्यानेच गमावला, आणि बातमी होण्याइतका तो कोठेही एकवटला नाही.

१६/१६
सी-डॉटचा इतिहास कागदपत्रांत सापडतो, दरकपातीच्या तारखा वृत्तपत्रांत सापडतात. बूथ बंद करण्याचा निर्णय मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नाही. तो त्या दुकानदारांच्या आठवणीत आहे आणि ती पिढी आता साठीकडे झुकली आहे. आपल्या गावात पिवळी पाटी अजून टिकून असेल, तर आत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : लाइन कोणत्या वर्षी मिळाली, रात्रीच्या रांगेत कोण असे, आणि शेवटचे बिल कितीचे झाले. उत्तरे तारखेनिशी लिहून ठेवावीत. या व्यवसायाचे दफ्तर अजून तयार व्हायचे आहे.