नाताळ, महाड आणि आपण

१

दर वर्षी २५ डिसेंबरला मला दोन ठिकाणी जावे लागते. सकाळी धुळ्यात मनुस्मृती-दहन दिनाचा कार्यक्रम असतो. कार्यकर्ते, विद्यार्थी जमतात. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून मला चार शब्द बोलायला सांगतात आणि मी बोलतो. संध्याकाळी एस.टी. धरून मी अमळनेरकडच्या एका गावी जातो. तिथे मला बोलायचे नसते. आमच्या पणजीच्या धाकट्या भावाचे घराणे तिथे नांदते. ते ख्रिस्ती आहेत, आम्ही बौद्ध. शंभर-सव्वाशे वर्षांमागे दोघांचा महारवाडा एक होता आणि दोघांना बंद असलेली विहीरही एकच होती.

त्या घरी नाताळचा फराळ असतो. करंज्या, शेव, शंकरपाळे. पाहुण्यांसाठी खापरावर मांडे होतात. मुले बांबूच्या कामट्यांना पतंगी कागद लावून चांदणी करतात, आत दिवा सोडतात. पण ही चांदणी दारावर लागत नाही. ती आतल्या खोलीत आढ्याला टांगतात. लहानपणी मी ती बाहेर न्यायला निघालो, तेव्हा थोरल्या काकीने माझे मनगट धरले. म्हणाली, "बाहेर नको लावू रे भाऊ. लोके देखतस."

लोक बघतात यात भिण्यासारखे काय, ते मला तेव्हा कळले नाही. पुढे कळले. त्या घरातल्या मुलांच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' लिहिलेले आहे. चांदणी बाहेर लागली की दाखला धोक्यात येतो. या लेखात मी गावाचे नाव लिहीत नाही, त्याचे कारणही हेच.

सण म्हणजे उजेड दाराबाहेर लावणे. ज्या माणसाला आपल्या सणाचा उजेड घरात कोंडावा लागतो, त्याच्या मनाचे काय होत असेल? आणि ही पाळी त्याच्यावर आणली कोणी? या प्रश्नाचा विचार आपल्या चळवळीने फारसा केलेला नाही. मीही केलेला नव्हता. उलट मी एक चूक केली. ती पुढे सांगतो.

२

आमच्या घराण्याच्या इतिहासात दोन 'छप्पन्न' आहेत. एक इसवी सन १९५६चे. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आमच्या आजोबांनी घरातले देव काढले. दुसरे छप्पन्न विक्रम संवताचे, म्हणजे १८९९-१९००चा दुष्काळ. गुजरात-मारवाडात त्याला 'छप्पनिया' म्हणतात. खानदेशालाही त्याची मोठी झळ लागली. बलुत्यावर आणि गावाच्या उष्ट्यावर जगणाऱ्या महारा-मांगांना आणि जंगलावर जगणाऱ्या भिलांना ती सर्वांत आधी लागली. ज्याच्या कणगीत दाणा नाही, तो येसकराच्या टोपल्यात भाकरी कुठून टाकणार?

त्या काळात खानदेशात मिशनरी कामाला लागले होते. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था; पुढे पश्चिमेकडे, नंदुरबार-नवापूरच्या भिलांमध्ये, स्कँडिनेव्हियन मिशनची माणसे. दुष्काळातल्या पोरक्या मुलांसाठी मिशनांनी अनाथाश्रम उघडले. पणजीचा भाऊ आठ-नऊ वर्षांचा होता. आईबाप गेले. मोठ्या बहिणीचे लग्न झालेले. तिच्या सासरीही खायला नव्हते. तिने त्याला मिशनच्या दारात नेऊन बसवले आणि ती परत फिरली, असे आमच्या घरात सांगतात. ती परत फिरली म्हणून आमचे घर इकडे आहे आणि तो आत गेला म्हणून ते घर तिकडे.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या सभेत मी बोलता बोलता म्हणालो, "आपण विचाराने धर्म बदलला, भाकरीसाठी बदलला नाही." टाळ्या पडल्या. समोर काकीचा मुलगा उभा होता. तो दर वर्षी येतो. बाबासाहेब त्याचेही आहेत. त्याने टाळी वाजवली नाही. संध्याकाळी त्याच्याच घरी त्याच्याच हातून मी फराळाची ताटली घेतली. तो काही म्हणाला नाही. मीही काही म्हणालो नाही.

भाकरीसाठी धर्म बदलला, हा टोमणा मारणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. जो धर्म आठ वर्षांच्या पोराला भाकरी देत नव्हता, पाणी देत नव्हता, त्या धर्माचे हे पोर काय देणे लागत होते? भूक हासुद्धा विचारच आहे. तो पोटात सुरू होतो, एवढेच.

३

नाताळ हा साहेबाचा सण, असे आपल्याकडे सर्रास समजतात. इतिहास इतका सरळ नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगिजांचा; वसई-गोव्याच्या किनाऱ्यावरून तो मराठीत आला. पण देशावर आणि खानदेशात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी नेला नाही. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १८३१मध्ये ठाणे मांडणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतून आलेले. त्या परंपरेला नाताळचे वावडेच होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होता आणि तिथे नाताळची कायदेशीर सुटी सुरू झाली ती १८५६मध्ये. येशूच्या जन्माची तारीख बायबलात नाही. २५ डिसेंबर रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो.

मग आमच्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत दिसतो तो नाताळ कुठून आला? त्यातला बराचसा इथल्या माणसांनीच घडवला. चांदणी म्हणजे दिवाळीचा आकाशकंदीलच. फराळ दिवाळीचा. गाणी टाळ-मृदंगावरची. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि येशूला अभंग-ओवीच्या चालीत आणले; ती पदे आजही प्रार्थनेत म्हणतात. टिळकांचे मोठेपण मी नाकारत नाही. पण मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्ती माणूस म्हणून जो उभा राहतो, तो धर्मांतरित ब्राह्मणच असतो, हे ध्यानात घ्यावे. ज्या हजारो महारा-मांगांनी ती पदे टाळ धरून गायिली, त्यांची स्मृतिचित्रे कोणी लिहिली?

आणि ज्यांनी लिहिले त्यांना आपण विसरतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांगाच्या मुलीचा महारा-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५मध्ये छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'ने. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. दिवाळीत बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या शूद्रातिशूद्रांना त्यांनी सांगितले की, पश्चिमेकडेही एक बळी होऊन गेला. गोठ्यात जन्मलेला, सुतारकाम करणाऱ्या घरातला, रोगी आणि बहिष्कृत यांच्या पंक्तीला बसणारा आणि सत्तेने खिळ्यांनी ठोकून मारलेला हा माणूस महारवाड्याला परका वाटला नसेल, तर त्यात नवल ते काय?

४

आता महाड. २५ डिसेंबर १९२७. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सवर्णांनी दगडफेक केली, तळे 'शुद्ध' केले. म्हणून डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मंडपाला हिंदूंनी जागा दिली नाही; ती एका मुसलमानाने दिली. त्या रात्री मनुस्मृती जाळली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

तारीख नाताळची का? इंग्रजी अमलात कचेऱ्या, कोर्टे, शाळा यांना नाताळची सुटी असे. काँग्रेसची पहिली बैठक १८८५मध्ये भरली तीही डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात. नोकरीतला, शाळेतला माणूस मोकळा असतो तो याच आठवड्यात. महाडच्या परिषदेला ही सुटी सोयीची होती, एवढे म्हणायला हरकत नाही. त्यापलीकडे मी दोन घटनांचा अर्थ ओढूनताणून जुळवत नाही. पण तारीख एक झाली आणि खानदेशातल्या माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला एकाच दिवशी दोन दिवे आले : सकाळी मशाल, संध्याकाळी चांदणी. पहिली चौकात पेटते. दुसरी आतल्या खोलीत.

५

याचे कारण एका आदेशात आहे. १० ऑगस्ट १९५०च्या अनुसूचित जातींच्या आदेशात तिसरा परिच्छेद असा की, हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६मध्ये त्यात शिखांची भर पडली, १९९०मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे शिक्षणातली, नोकरीतली राखीव जागा नाही, राखीव मतदारसंघ नाही आणि १९८९च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. गावगुंड जातीवरून शिवी देताना धर्म विचारत नाही, कायदा विचारतो.

खानदेशात याचा विपर्यास डोळ्यांनी दिसतो. नवापूर तालुक्यात, म्हणजे १९९८पर्यंतच्या धुळे जिल्ह्यात आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, मावची ख्रिस्ती आहेत. नाताळात त्यांच्या घरांवर चांदण्या उघड लागतात. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी आदिवासीच राहतो. हे योग्यच आहे. (अलीकडे त्यांनाही यादीतून काढा अशी मागणी होते, तिचा आपण विरोधच केला पाहिजे.) पण त्याच खानदेशात महाराचा-मांगाचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची जात कागदावरून नाहीशी होते. गावाच्या नजरेतून मात्र होत नाही.

१९८५मध्ये सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ख्रिस्ती झाल्यावरही पूर्वीचीच हीनदीन स्थिती तितक्याच तीव्रतेने टिकते, हे सिद्ध झाले पाहिजे. सिद्ध कसे करायचे? मला १९२९चे चाळीसगाव आठवते. बाबासाहेब तेव्हा परदेशी पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनावरच्या टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. शेवटी टांगा हाकण्याची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला, टांगा उलटला आणि बाबासाहेब दगडांवर आपटले. जी जात बॅरिस्टरीने गेली नाही, ती बाप्तिस्म्याने जाईल? जात सोसणाऱ्याच्या अंगात नसते. ती टांगेवाल्याच्या डोळ्यांत असते. धर्म बदलतो तो सोसणारा. टांगेवाला जिथल्या तिथे असतो.

२००७मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा असे सांगितले. ऑक्टोबर २०२२मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढ मिळत गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटले की, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण माणसाला खोटे बोलायला लावणारी अट कोणाची फसवणूक करते, हाही प्रश्न आहे.

आपल्यापैकी काही जण म्हणतात, "त्यांना सवलतही हवी आणि चर्चही हवे." हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत केंद्राच्या यादीत बौद्धही नव्हता. राज्याने सवलती आधी दिल्या; केंद्राने दिल्या नाहीत. माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरला, तेव्हा घरात भिंतीवर बुद्ध होते आणि अर्जात 'हिंदू-महार' होते. वडील दहावी शिकलेले. ते सांगतात, "लिहिताना हात जड झाला होता." त्या जड हाताने माझे शिक्षण झाले. काकीची आतली चांदणी आणि वडिलांचा तो अर्ज यांत मला फरक दिसत नाही.

६

याचा अर्थ चर्च निर्दोष आहे असा नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही चारशे वर्षे टिकले. देशावरही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक ठरताना काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी मोहिनी घातली होती. १ जानेवारी १९३८ला सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत त्यांनी तसे सांगितले. पण त्याच भाषणात ख्रिस्ती समाज राजकीय हक्कांसाठी लढत नाही, शिकलेले आपल्या गरीब बांधवांना विसरतात, हेही सुनावले. धर्मांतरितांच्या स्थितीवरच्या त्यांच्या इंग्रजी लिखाणात मिशनांच्या शाळा-दवाखान्यांचा गौरव आहे आणि धर्मांतरिताची जात मोडण्याकडे मिशनांनी पाठ फिरवली, हा ठपकाही आहे. हा ठपका ख्रिस्ती बांधवांनी गंभीरपणे घ्यावा. नाताळच्या रात्री गोठ्यातल्या बाळाचे गाणे गाणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सोयरीक जुळवताना जात विचारू नये.

पण आपणही आपला हिशेब करावा. बौद्ध झाल्यावर आपण मांगाशी सोयरिकी केल्या काय? ख्रिस्ती महाराशी केल्या काय? पणजीच्या भावाच्या घराशी आमचे जाणे-येणे आहे, फराळ आहे, सोयरीक नाही. धर्म आडवा येतो, असे आमच्याकडचे मोठे म्हणतात. आडवा येतो तो धर्म की आणखी काही?

महाडला जे पुस्तक जाळले, त्याने माणसाची पायरी जन्मावर ठरवली होती. १९५०च्या त्या परिच्छेदाची जात मनुस्मृतीची नाही. तो लोकशाहीतला आदेश आहे, संसदेने दोनदा दुरुस्त केलेला आहे आणि तिसऱ्यांदाही दुरुस्त होऊ शकतो. ती मागणी ख्रिस्ती बांधवांनी एकट्याने का करावी? १९९०चा फायदा घेतलेल्या बौद्धांनी ती पहिल्यांदा करावी. २५ डिसेंबरच्या सभेहून योग्य जागा तिला दुसरी नाही.

या वर्षी सकाळी मी बोलायला उभा राहीन, तेव्हा भाकरीबद्दलचे माझे ते वाक्य सर्वांसमोर मागे घेणार आहे. काकीचा मुलगा समोर असेल. संध्याकाळी त्याच्या घरी जाईन. चांदणी या वर्षीही आतच लागेल. काकी आता थकली आहे, आढ्याला दोरी बांधायला तिचा हात पोचत नाही. ती दोरी मी बांधीन.