ताजचा बँड आणि अमरावतीचे भगवानदादा

चिखलदऱ्यात बसून मी ज्या बँडचा माग काढतो आहे, तो वाजत असे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद घेऊन तिथे आला आणि गोमंतकीय वादकांना स्विंग जवळून ऐकायला मिळाले. पुढे त्याच ताजमध्ये हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझचा बँड गाजला. ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देणारा हा वादक चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाई.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी या मंडळींना नोटेशन शिकवले होते. चित्रपटसृष्टीला नेमके तेच हवे होते : चाल गाऊन दाखवणारे पुष्कळ, ती साऱ्या वाद्यवृंदासाठी लिहून काढणारे थोडे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिकला साहाय्यक म्हणून घेतले. १९५१च्या ‘अलबेला’त तर त्याचा बँड झालरीच्या बाह्या मिरवत थेट पडद्यावर आला. चित्रपट भगवान पालवांचा. म्हणजे अमरावतीत जन्मलेल्या आपल्या भगवानदादांचा!

या संगीताला पाश्चात्त्यांची नक्कल म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही. नक्कल करणारा मूळ वादकाला लपवतो. इथे तो कॅमेऱ्यासमोर उभा आहे. तोवर मुंबई राज्यात दारूबंदी आली होती, बॉलरूमच्या रात्री ओसरत होत्या. ज्याला ताजची पायरी चढणे परवडले नसते, तो आता काही आण्यांच्या तिकिटात तोच ट्रम्पेट ऐकत होता. चिक १९६७मध्ये गेला.