निळी अंदालुशियन कोंबडी आणि अपूर्ण प्रभावितेचा शोध

अंदालुशियन कोंबडीचे नाव स्पेनमधील प्रांताचे असले, तरी तिच्या निळसर करड्या पिसांचे कौतुक झाले ते इंग्लंडमधील प्रदर्शनांत. तेथील पैदासकारांची तिच्याविषयी एक जुनी तक्रार होती. उत्तमोत्तम निळे नर व निळ्या माद्या निवडून जोड्या लावाव्यात, तरी पिलांपैकी सुमारे निम्मीच निळी निघत. उरलेल्यांत काही काळी असत, तर काही पांढुरक्या अंगावर शिंतोडे उडाल्यासारखी. ही दोन्ही प्रकारची पिले निकामी ठरवून काढून टाकण्यात येत आणि पुढील वर्षी निवड अधिक कडक होई. परंतु प्रमाण काही बदलत नसे.

मेंडेलचा 1866 साली प्रसिद्ध झालेला निबंध 1900 साली पुन्हा उजेडात आला. केंब्रिज येथे कोंबड्यांवर प्रयोग करीत असलेले विल्यम बेटसन व त्यांच्या सहकारी एडिथ सॉन्डर्स यांनी 1902 च्या अहवालात असे सुचविले की, निळी कोंबडी ही स्वतंत्र शुद्ध जात नसून विषमयुग्मी असावी. पुढे बेटसन व पनेट यांच्या प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. निळ्या जोडीपासून काळी, निळी व शिंतोड्यांची पिले 1 : 2 : 1 या प्रमाणात मिळतात, आणि काळ्या पक्ष्याचा शिंतोड्यांच्या पक्ष्याशी संकर केल्यास सर्वच्या सर्व पिले निळी निघतात. ज्या पिलांना पैदासकार टाकाऊ मानीत, त्यांच्यापासूनच निळ्या पिलांची दुप्पट उपज होत होती!

या निष्कर्षाचे महत्त्व कुक्कुटपालनापुरते नव्हते. मातापित्यांचे गुण संततीत दोन रंगांप्रमाणे कालवले जातात, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती. आणि निळी कोंबडी हा वरवर पाहता तिचाच पुरावा वाटतो. काळे व पांढरे मिळून करडे, याहून सरळ मिश्रण ते कोणते? पण कालवलेला रंग पुन्हा वेगळा करता येत नाही. येथे मात्र दुसऱ्याच पिढीत काळा पक्षी जसाच्या तसा परत येतो. मिश्रण झाले ते पिसांच्या दर्शनी रूपाचे. रंगाचे जनुक शेजारी शेजारी राहूनही अभंगच राहिले. खुद्द निळेपणही वेगळ्या रंगद्रव्याचे नाही. कृष्णरंजकाच्या कणांचा आकार व पिसातील त्यांची विरळ मांडणी यांमुळे तो भास होतो. मेंडेलच्या वाटाण्यांत प्रभावी गुणाने दुसऱ्यास पूर्णपणे झाकले होते, तसे येथे घडत नाही. म्हणून यास अपूर्ण प्रभाविता म्हणतात. लाल व पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरापासून मिळणारी गुलाबी फुले हे आपल्या परसातील याचे उदाहरण होय.

काळ्या कोंबडीचा प्रश्न आमच्या भागाला अलीकडे निराळ्याच कारणाने परिचित झाला. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथास 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर 2019 मध्ये कडकनाथ पालनाच्या एका योजनेत गुंतवणूक केलेल्या सांगली, कोल्हापूर परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी केल्या. तो विषय न्यायालयाचा. येथे प्रश्न आहे तो पक्ष्याच्या शुद्धतेचा. कडकनाथाचा काळेपणा पिसांपुरता नसून त्वचा, मांस व हाडांच्या आवरणापर्यंत पोहोचलेला असतो, आणि त्याचा वारसा पिसांच्या रंगाहून वेगळा चालतो.

याच प्रकारचा काळेपणा असलेल्या रेशमी कोंबडीवर बेटसन व पनेट यांनी 1911 साली निबंध प्रसिद्ध केला. रेशमी कोंबडीचा तपकिरी लेगहॉर्न नराशी संकर केला असता सर्व पिले फिकट निघाली. उलट, रेशमी नर व लेगहॉर्न मादी यांच्यापासून झालेले नर फिकट, परंतु माद्या गडद काळ्या. काळेपणा दडपणारा एक जनुक लिंग-गुणसूत्रावर असतो, आणि माद्यांना ते गुणसूत्र पित्याकडूनच मिळते. मूळ काळेपणाचे कारण म्हणजे विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाची पुनरावृत्ती, हे 2011 मध्ये निश्चित झाले.

त्याच न्यायाने कडकनाथ नर व फिकट पायांची गावठी कोंबडी यांच्या पहिल्या पिढीतील तलंगा शुद्ध कडकनाथासारख्या दिसू शकतील. केवळ माद्या दाखवून विक्री होत असेल, तर घेणाऱ्याने त्याच उबवणीतील नरही पाहण्यास मागावेत.