भिंतीचं पोट

आमच्या भागात मातीच्या दोन जाती. शेताची ती काळी आणि घराची ती पांढरी. गावठाणाला सुद्धा जुनी माणसं पांढरीच म्हणायची. शेकडो वर्षं एकाच जागी घरं उठली, पडली, पुन्हा उठली. राख, शेण, भुसा, जुन्या भिंती सगळं मुरून जी राखाडी माती झाली ती पांढरी. तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही म्हणून ती माळवदावर घालायची. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर या पांढरीच्या टेकड्याच आहेत. जुन्या काळचं तगर ते हेच. तिथल्या पांढरीत सातवाहनांच्या वेळचे मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या गोळा करून जपल्या, आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्ये आहे. मी ते बघायला गेले तेव्हा बाहुल्यांपुढं बराच वेळ उभी राहिले. मनात आलं, दोन हजार वर्षांमागं ही कुठल्या तरी बाईच्या कोनाड्यातच असणार.

हे सांगायचं कारण, हल्ली गावात इंटिरिअर हा शब्द आलाय. नवीन घर बांधलं की गवंड्याच्या मागोमाग सिलिंगवाला, फर्निचरवाला, रंगवाला येतो. पोरं म्हणतात, पूर्वी आपल्याकडं असलं काही नव्हतं. होतं की. पण ते भिंतीच्या पोटात होतं.

माळवदाच्या घराची भिंत दोन-तीन हात जाड. बाहेरून दगड, आतून माती. एवढी जाड भिंत नुसती उभी करून ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून तिच्यात घर भरलेलं असायचं. दिव्याला देवळी, कुंकवाच्या करंड्याला आणि फणीला कोनाडा, देवाला मोठा कोनाडा, जोंधळ्याला बळद. बळद म्हणजे भिंतीला लागून बांधलेली बंद कोठी. वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं, भोकाला चिंध्यांचा बोळा. कासरे, दावी, पाभरीचं चाडं, टोपी, सगळं खुंट्यांवर. छताला उजेडासाठी आणि धुरासाठी भोक, त्याला साणं म्हणायचं. दुपारी साण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा आणि तो कुठवर सरकला यावरून भाकरी टाकायची वेळ कळायची. घर किती मोठं ते चौरस फुटात कुणी सांगत नसे, खणात सांगायचे. आमचं सहा खणांचं.

आता सजावट म्हणाल तर ती बायकांच्या हाताची. जमिनीला शेणाचं सारवण, भिंतीला पांढऱ्या मातीचं पोतेरं, खाली हातभर उंच कावेचा पट्टा. तो पट्टा शोभेला नव्हता बरं का. माणसं पाठ टेकून बसतात, लेकरं हात लावतात, सारवताना शेणाचे शिंतोडे उडतात. ते सगळं लाल रंगात दिसत नाही म्हणून तो. सारवण सुद्धा ज्याच्या-त्याच्या हाताचं वेगळं. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, कमान मोठी आणि सरळ रांगेत यायची. माझी बारीक यायची. वाळल्यावर कुठली रांग कुणाची ते आल्या-गेल्या बायकांना ओळखू यायचं आणि तिथंच पास-नापास व्हायचं. पंचमीला भिंतीवर नागोबा, महालक्ष्म्यांना उंबऱ्यापासून आतवर पावलं, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. चार दिवसांनी सगळं पुसायचं. कुणाला वाईट वाटत नसे, पुढच्या साली पुन्हा काढायचंच असायचं.

सारवणाचं कौतुक करणारे लोक मला अलीकडं पुष्कळ भेटतात. त्यातल्या फार थोड्यांनी डिसेंबरच्या पहाटे गार शेणात कोपरापर्यंत हात घातलेला असतो. आठवड्याला सहा खण सारवायचे म्हणजे अर्धा दिवस उकिडवं बसून मागं मागं सरकायचं. चुन्यानं बोटांच्या पेरांना भोकं पडायची, त्यावर तेल लावून रात्री निजायचं. आत्याबाईंचे गुडघे त्यातच गेले.

भिंतीवर कागदाचं चित्र पहिल्यांदा आलं ते बहुतेक घरांत जिवतीचं. श्रावणात घरोघर तो कागद लावायचे. नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मधे लेकरं घेतलेल्या जिवत्या, खाली बुध-बृहस्पती. पैसेवाल्यांच्या घरी रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथं छापलेल्या देवी देवळात न जाता माणसांच्या ओसरीवर आल्या, आणि ज्यांना देवळात जाऊ देत नव्हते त्यांनाही देव घरात बघायला मिळाला. पुढं 1956 नंतर त्या वस्तीतल्या भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. गावातल्या कुठल्या घरात कोण कुठं उभा आहे हे दारातून आत बघताच समोरच्या भिंतीवरून समजायचं, विचारावं लागत नव्हतं. दुकानदारांची कॅलेंडरं साल संपलं तरी कुणी फेकत नसे. खालच्या तारखा कापून वरचा देव काचेत बसवायचा. आमच्या ओसरीवर असे अकरा देव होते, त्यातले निम्मे खताच्या दुकानाचे.

1972 च्या दुष्काळानं घराची आतली बाजू फार बदलली असं मला वाटतं, कुणी लिहिलेलं मात्र वाचलं नाही. माणसं खडी फोडायला गेली, आणि घरातलं तांबं-पितळ मोडीत गेलं. आमच्या घरचे दोन हंडे आणि एक घंगाळ तेव्हाच गेलं. साल बरं आल्यावर ती जागा तांब्यानं भरली नाही, स्टीलनं भरली. स्टीलला कल्हई नको, चिंच नको. मग लोखंडी मांडणी आली आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगा चकाकू लागल्या, ताटांवर नावं घातलेली. मातीच्या मडक्यांची उतरंड आधी मागच्या खोलीत गेली, मग गोठ्यात, तिथं एक दिवस म्हशीनं शिंग मारलं.

फरशी आली ती शहाबादची. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. पण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ते आणि आम्ही एकाच निजामाच्या राज्यात होतो. तिथला चुनखडीचा दगड आपसूक थराथरानं सुटतो, म्हणून त्याच्या लाद्या निघतात. आधी वाड्यांतून आली, मग सिमेंट मिळायला लागल्यावर आमच्यासारख्यांकडं. आम्ही 1983 साली दोन खोल्यांना घातली. आत्याबाई पहिल्या दिवशी तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गार हाय गं बाई. पर हिला रोज काय करायचं?" पुसायचं, एवढंच, असं मी सांगितल्यावर त्या गप्प बसल्या. पुढं कितीतरी दिवस सणाच्या सकाळी कोपऱ्यातल्या एका लादीवर त्या शेणाचं बोट ओढायच्या. मी कधी पुसलं नाही.

1987 साली रामायण सुरू झालं आणि गावातल्या एकुलत्या टीव्हीपुढं रविवारी सकाळी देवळासारखी गर्दी व्हायला लागली. हळूहळू घरोघर टीव्ही आले. तोवर माणसं चारी भिंतींना टेकून बसायची, एकमेकांची तोंडं दिसायची. टीव्हीनं सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडं वळवली. ओसरीचा हॉल झाला. त्या भिंतीला काचेची शोकेस आली, आणि रुखवतातल्या वस्तू, मण्यांचं तोरण, लोकरीचे पोपट, आगपेटीच्या काड्यांचं घर, एका दिवसाऐवजी वीस वर्षं मांडून राहिल्या. टीव्हीच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल. तो माझ्याच हातचा होता आणि चांगला होता.

आता जे सांगायचं ते जड आहे.

आमच्या सगळ्या नात्यात देखणं घर माझ्या मावशीचं, किल्लारीच्या बाजूला. बारा खण, सागवानी खांब, चौकटीवर गणपती, ढाळजेत शंभर माणूस बसेल अशी जागा. भिंतीत इतके कोनाडे की आम्ही लहानपणी मोजायचो आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. पांढरी दरसाल वर घालून घालून माळवद दीड-दोन फूट जाड झालेलं, त्यामुळं वैशाखात सुद्धा आत गारवा. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती, पहाटे चारच्या आत भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसं गेली असं सरकारी आकडा सांगतो. दगडाच्या भिंती फाटल्या आणि वरची पांढरी खाली बसली. जी माती ऊन अडवायची, पाणी अडवायची, तिच्याखालीच माणसं गुदमरली. मावशीच्या घरातली पाच गेली. तिच्या सालगड्याचं पाल्याचं छप्पर शेजारीच होतं, ते हललं आणि तसंच राहिलं, सगळी लेकरं जित्ती. आम्ही पोचलो तेव्हा देवघराची भिंत तेवढी उभी होती आणि कोनाड्यात करंडा जागच्या जागी होता.

त्यानंतर आमच्या सगळ्या पट्ट्यात माणसं माळवदाखाली निजेनात. अंगणात, गोठ्यात, पत्र्याखाली निजायची. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कितीतरी घरांनी आपल्या हातानं वरची माती उतरवली आणि पत्रे टाकले. आम्हीही टाकले. गाड्याच्या गाड्या पांढरी उकिरड्यापलीकडं नेऊन ओतली. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघायचं, म्हणून जुन्या नऊवारी जोडून खाली ताणून बांधल्या. आज जे पीओपीचं सिलिंग म्हणतात त्याची आमच्याकडची आजी म्हणजे ती लुगडी. हिरव्या, जांभळ्या, इरकली काठांची. रात्री वाऱ्यानं फुगायची तेव्हा खरंच सुंदर दिसायची.

मावशीच्या उरलेल्या मुलाला नव्या गावठाणात घर मिळालं. सिमेंटच्या भिंती, सरळ रस्ते, रांगेत घरं. भूकंपाला पक्की, त्याबद्दल उपकारच. पण बैलाला जागा नाही, कडब्याला नाही, आणि भिंतीत एक कोनाडा नाही. भिंतीत खुंटी ठोकायला गेला तर खिळा वाकला. वहिनी पहिल्या दिवशी दिवा घेऊन घरभर फिरली आणि शेवटी जमिनीवर ठेवला. ज्यानं नकाशा काढला त्याला तिथं दिवा, कासरा आणि बियाणं ठेवणारी माणसं राहणार आहेत हे कुणी सांगितलं नसावं. पुढं लोकांनी आपल्या बुद्धीनं वाढवून घेतलं. पुढं पडवी, मागं गोठा, आणि मलब्यातून काढलेली जुनी सागवानी दारं सिमेंटच्या घरांना बसवली. मावशीची गणपतीची चौकट आता त्या घराला आहे. दोन बोटं उंच होती, म्हणून गवंड्यानं वरची भिंत फोडून बसवली.

लेक पुण्याला असते. तिच्या हॉलमध्ये एक भिंत गेरूच्या रंगाची आणि तिच्यावर पांढरी वारली चित्रं, चिकटवायची. डहाणूकडच्या वारली बाया लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदावर आणली, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडं कावेचा पट्टा असायचा ना, तसाच आहे हा." पट्टा कशासाठी असायचा ते मी परत सांगितलं नाही. तिच्या घरात भिंतीला पाठ टेकून कुणी बसत नाही.

आम्ही नवीन घर बांधलं ते 2019 साली. खाली गुजरातच्या मोरबीची पांढरी टाइल, कॉलम-बीम पक्के, हॉलला सिलिंग. माझी कशालाच हरकत नव्हती. सुनेनं शेणात हात घालावा असं मला कधी वाटलं नाही, आणि डोक्यावर माती तर नकोच. एकच मागितलं. गवंडी वीट रचत होता तेव्हा म्हटलं, दादा, आतल्या भिंतीत हातभर जागा सोड, कोनाड्याला. तो हसला, भिंत सहा इंचीच आहे म्हणाला, तरी चार इंच खोल सोडला. सुनेनं त्यात वायफायची डबी ठेवली आहे. हिरवा दिवा रात्रभर लुकलुकतो. घरात कुठं रेंज आली नाही की नातू म्हणतो, कोनाड्यापाशी जा.