मुलाम्याचे दागिने

तांबे, पितळ किंवा चांदीच्या घडणीवर सोन्याचा पातळ थर चढवून केलेले दागिने. मराठी बाजारात त्यांना पॉलिशचे, गिलिटाचे, बेन्टेक्सचे, एक ग्रॅमचे अशी नावे आहेत. ती सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात आणि त्यांवरून अंगावर सोने किती आले हे कळत नाही. ते ठरते थराची जाडी, तो बसवण्याची रीत आणि खालचा धातू यांवर.

जुनी रीत पाऱ्याची. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा धातूवर माखत आणि तापवून पारा उडवून देत. मुलामा पक्का बसे, पण पाऱ्याची वाफ कारागिरांच्या शरीरात भिनून त्यांना कायमचे अधू करी. १८०५ मध्ये इटलीतील लुईजी ब्रुन्यातेल्ली यांनी विजेच्या प्रवाहाने सोने चढवून दाखवले. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणाची रीत पेटंट केली आणि हे काम कारखान्यात गेले. आजचे बहुतेक पॉलिश असेच होते.

अमेरिकेच्या व्यापारसंकेतांत साध्या विद्युत मुलाम्याची किमान जाडी सुमारे ०.१७५ मायक्रॉन धरली आहे. ‘व्हर्मे’ म्हणजे स्टर्लिंग चांदीवर किमान २.५ मायक्रॉन सोने, म्हणजे चौदापट जाड थर. साधा थर घाम आणि घर्षणाने लवकर झिजतो. शिवाय खालचे तांबे हळूहळू सोन्यातून वर सरकते आणि हवा लागून काळे पडते. ते अडवण्यासाठी मध्ये निकेलचा थर देतात. पण वरचे सोने झिजले की निकेल त्वचेला लागते, आणि अनेकांना त्याने पुरळ येते. युरोपीय संघाने १९९४ मध्ये अंगाला लागणाऱ्या वस्तूंतील निकेलवर मर्यादा घातली ती याचसाठी. कानातले घेताना तरी याची विचारपूस करावीच.

‘एक ग्रॅम’ या नावाने सर्वांत जास्त दिशाभूल होते. सोन्याची घनता १९.३ असल्याने एक ग्रॅम सोने एक मायक्रॉन जाडीने पसरले, तर सुमारे ५१८ चौरस सेंटिमीटर झाकते. सेंटिमीटरभर रुंदीच्या साध्या बांगडीचे आतबाहेर मिळून क्षेत्रफळ चाळीसच्या आसपास. म्हणजे अशा चार बांगड्यांच्या जोडावर मायक्रॉनभर थर दिला, तरी लागते सोने जेमतेम ०.३ ग्रॅम, आणि साध्या पॉलिशला त्याहून कितीतरी कमी. विक्रेत्याने पावतीवर थराची जाडी लिहून द्यावी, एवढी मागणी गिऱ्हाइकाने करणे रास्त आहे.

पत्र्याचे दागिने वेगळे. सोन्याचा पत्रा दाब आणि उष्णतेने खालच्या धातूला सांधतात, मग त्यापासून तार किंवा पट्टी ओढतात. रोल्ड गोल्ड हा याच कुळातला प्रकार. आंध्र प्रदेशातील मछलीपट्टणमजवळचे चिलकलपुडी रोल्ड गोल्डच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘गोल्ड फिल्ड’ दागिन्यात पत्रा एकूण वजनाच्या किमान विसाव्या हिश्श्याएवढा असतो. वीस ग्रॅमच्या साखळीत १४ कॅरेटचा असा पत्रा असेल, तर शुद्ध सोने सुमारे ०.५८ ग्रॅम भरते. असा थर वर्षानुवर्षे टिकतो.

लाख भरलेली बोरमाळ मात्र या वर्गात येत नाही. तिचे मणी सोन्याच्याच पत्र्याचे असतात. लाख केवळ आधाराला, आणि मोडीत देताना तिचे वजन वजा होते. मुलाम्याच्या दागिन्याला मोड जवळपास नसतेच. हॉलमार्कही त्याला लागू नाही, कारण ती खूण दागिन्याच्या धातूच्या शुद्धतेची असते.

कसोटीवर हलकी रेघ ओढली, तर जाड मुलामा खऱ्यासारखा कस देतो. क्ष-किरण यंत्रही पृष्ठभागालगतचे काही मायक्रॉनच वाचते. म्हणून तारण ठेवून घेताना दागिन्याला छेद देऊन पाहतात किंवा पाण्यात तोलून घनता काढतात: २२ कॅरेट सोन्याची ती १७ ते १८च्या दरम्यान, तर तांब्याची ९च्या आसपास येते.